बद्द

परकराची नाडी आता दोन बोटं वर बांधते.
साड्या त्याच, पण निऱ्या फरशी पुसत चालतात.
चार सेंटिमीटर. डॉक्टरीणबाईंनी भिंतीला पाठ लावून मोजलं
आणि विचारलं, पूर्वी किती होती उंची?
म्हटलं, जुन्या पासपोर्टात बघावं लागेल.

मनगट गेल्या माघात मोडलं.
खिडकीची सरकती काच अडली होती.
पडले नाही, आपटले नाही,
नुसती ओढली.

अहवालावर उणे तीन पूर्णांक एक.

आमच्या इमारतीचाही अहवाल त्याच आठवड्यात आला.
वाशी, सेक्टर नऊ, चाळीस वर्षांचं बांधकाम,
खाडीचं खारं वारं सळईपर्यंत पोचलेलं.
इंजिनियर पोरगी हातोडी घेऊन खांब वाजवत फिरली,
बद्द वाजलं तिथे लाल खडूची फुली.
मला हे नवं नाही. तीस वर्षं बेलापूरच्या ऑफिसात
ट्रेसिंगच्या कागदावर मी सळयाच काढल्या,
किती जाडीच्या, किती अंतरावर, वर किती कव्हर.
माझ्या खांबांचा नकाशा कुणी दाखवलाच नाही.

गोळी आठवड्यातून एकदा.
उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर,
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही,
नाहीतर अन्ननलिका सोलवटते.
चहाही नाही.
खोटं कशाला बोलू, मला तेच सगळ्यात जड वाटलं.

गोळी हाड बांधत नाही, बाई म्हणाल्या,
जुनं हाड पाडणारी गँग असते आत,
तिला ती घरी बसवते.
पण पाडणारे घरी बसले, तर डागडुजी कशी व्हायची?
त्या जरा थांबल्या.
म्हणूनच पाच वर्षांनी बंद करून बघतो, म्हणाल्या.
क्वचित मांडीचं हाड आडवं तडकतं.
क्वचित जबड्याचं हाड मरतं.
दहा हजारांत एखादी.
ती एखादी कुठल्या सेक्टरात राहते,
विचारणार होते.

दुसरा रस्ता सुईचा. रोज, पोटात, दोन वर्षं.
ती खरंच बांधते. फ्रिजमध्ये ठेवायची,
विरजणाच्या भांड्याशेजारी.
किंमत ऐकून मी पेन्शनचं पासबुक
मनातच उघडलं, मनातच मिटलं.
आणि दोन वर्षांनी?
मग गोळीच.

तळमजल्यावरच्या चंपूबाई तांडेल म्हणतात,
सुकट खा, उन्हात बस, गोळ्यांनी कुणाचं भलं झालंय?
त्यांची पाठ अजून ताठ आहे.
त्यांच्या जावेचा खुबा मोडला, ती उठली नाही पुन्हा.
सुकट तीही खायची.

ऋजुता फोनवर म्हणते, आई, घेऊन टाक.
तिला सगळे आकडे पाठ.
तिचे हात माझ्यासारखे आहेत, मनगटं बारीक,
हे मी तिला बोलून दाखवत नाही.

आधी दाढ काढून घेतली, जबड्याच्या भीतीने.
दातांचा डॉक्टर म्हणाला, जखम भरू दे, दोन महिने.
दोन महिने ते पाकीट देवाच्या फळीवर होतं,
रोज दिसायचं. नमस्कार मात्र केला नाही.

आज बुधवार. सव्वासात.
गिळली.
बाल्कनीत उभी आहे, टेकू दिल्यासारखी.
समोर परांचीवर गौस, परभणीकडचा,
ऊन चढायच्या आत फुल्या फोडायला आलेला.
मावशी, पाणी मिळंल का?
माठ खाली आहे, ओट्याखाली.
म्हटलं, वीस मिनिटं थांबशील?
थांबतो की, म्हणाला. का, ते विचारलं नाही.
हातोडीने आमची तुळई हळूच वाजवत बसला.

कसं वाजतंय रे?

हितं बरंय, मावशी.
मग कान लावून अजून एक टोला.
हितं नाही.